आधी तिथी, मग होडी

टेंभी नाक्याच्या शाळेतून आपण मुलांना ठाणे खाडीतले रोहित पक्षी दाखवायला नेणार असू, तर आधी पंचांग उघडावे. २०१५ साली अभयारण्य झालेल्या या खाडीत हे पक्षी उथळ पाण्यातले सूक्ष्म शैवाल चोचीने गाळून खातात. ओहोटीला चिखल उघडा पडतो. पक्षी पांगतात, होडी रुतते. पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि अनेक थवे नेरूळच्या तळ्यांवर जातात. म्हणून आपल्याला मधली वेळ हवी.

ती कशी काढायची? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. भरतीही तेवढीच लांबते. म्हणूनच किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा ऐरोलीहून नऊला, चढत्या पाण्यावर निघावे. फेरी संपवून गाडीने नेरूळ गाठले, तर भरतीत तळ्यावर विसावलेले थवेही दिसू शकतात. मुलांनी केलेला हिशेब भरती-ओहोटीच्या तक्त्याशी जरूर ताडून पाहावा.

परतताना एक प्रश्न विचारू : खाडी राखली, पण तळी बुजवली, तर भरतीच्या वेळी या पक्ष्यांनी टेकायचे कुठे?