तिसऱ्या इच्छेनंतर

नांदेडला आमच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी परवा पुस्तक घेऊन आली. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘द मंकीज पॉ’ ही 1902 सालची भयकथा तिला अभ्यासाला आहे. “काका, यातली फॉलिंग अ‍ॅक्शन कुठली?”

म्हणजे कळसानंतरचा, शेवटाकडे नेणारा उतार. 1863 साली गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने नाटकाच्या रचनेचा जो चढ-उतार मांडला, त्यातली ही कल्पना. त्याच्यासमोर पाच अंकी शोकनाट्यं होती. छोट्या भयकथेला ते माप जरा सैलच होतं.

कथा अशी. हिंदुस्थानातून परतलेल्या सार्जंट-मेजरकडचा माकडाचा वाळका पंजा व्हाइट कुटुंबाकडे येतो. तो तीन इच्छा पुरवतो. घरावरचं देणं फिटावं म्हणून म्हातारा 200 पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि कंपनी भरपाई देते, नेमकी 200 पौंड. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हा आकडा विसरता येत नाही.

मग दफन, सुन्न दिवस. मुलीनं इथेच पेन्सिलीनं ‘उतार’ लिहिलं होतं. वेग मंदावतो खरा. पण दोन इच्छा अजून बाकी आहेत, आणि शिल्लक असलेलं खातं बंद होत नसतं. आई हट्टानं मुलगा परत मागायला लावते. रात्री दारावर थाप पडते. ती कडी काढायला धावते, बाप अंधारात चाचपडत पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा मागतो. कळस हा.

उतार त्यापुढचा. थाप थांबते, दार उघडतं, गार वारा जिन्यावर चढतो, आईचा हंबरडा ऐकून बाप तिच्याकडे धावतो. समोर दिव्याखाली निर्मनुष्य रस्ता, कथा संपली. मोजून चार-दोन वाक्यं, पण वाचकाची भीती जाऊन दुःख उरतं ते इथेच.

हा उतार किती जड असतो, ते मला लातूरच्या शाखेत कळलं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर एक वयस्क गावकरी मदतीचा चेक घेऊन आले. मीच अर्ज भरत होतो. वारसाच्या रकान्याशी थांबलो.

“ऱ्हाऊ द्या सायेब, मोकळंच,” ते म्हणाले.

मुलीला हे सांगितलं नाही. तिनं जुनी खूण खोडली, नवी केली आणि विचारलं, “पण बापानं तिसऱ्यांदा मागितलं काय?”

जेकब्जनं ते लिहिलेलं नाही, एवढंच मी म्हणालो.