आजार पिशवीत नाही, उचलीत आहे!

दसरा आला की महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दोन प्रकारची गर्दी दिसते. एक गर्दी दीक्षाभूमीची वाट धरते. पांढरी वस्त्रे, निळे झेंडे आणि जयभीमचा घोष. दुसरी गर्दी दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसते आणि बीड, जालना, परभणी या जिल्ह्यांतून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि पार कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघते. सोबत भांडी, सरपण, लेकरे आणि कोयता. पहिल्या गर्दीसाठी आम्ही विशेषांक काढतो. दुसऱ्या गर्दीत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत आणि आमचे बौद्ध बांधवही आहेत. त्यांच्यासाठी आम्ही काय काढतो? आज त्या गर्दीतल्या बाईबद्दल आणि तिच्या आरोग्याबद्दल लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

२०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले. बीडमधील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे खुद्द तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत हे मान्य केले तरी एवढी मोठी तफावत योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

तेव्हा सगळ्यांची बोटे डॉक्टरांकडे वळली. ते योग्यच होते. 'अंगावरून पांढरे जाते' अशी तक्रार घेऊन आलेल्या तिशीच्या आतल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर झोपवणारा डॉक्टर गुन्हेगारच आहे. त्याला माफी नाही. परंतु आम्ही वकील आहोत आणि एका आरोपीला पकडून बाकीचे मोकळे सुटत असतील तर तो तपास आम्ही पुरा मानत नाही. ही बाई त्या डॉक्टरच्या दारापर्यंत आली कशी? तिला आणले कोणी?

तिचा दिवस पाहा. पहाटे तीन-चारला ती उठते. पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत चूल पेटवते, भाकरी थापते आणि अंधारातच फडात जाते. नवरा ऊस तोडतो, ती साळते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. वाकणे आणि उचलणे, दिवसभर हेच. फडात संडास नाही, न्हाणी नाही, स्वच्छ पाणी नाही. पाळीचे कापड धुवायला आडोसा नाही आणि वाळवायला जागा नाही. बाळंत झालेली बाई काही दिवसांत पुन्हा मोळीखाली जाते. अशा शरीरात जंतुसंसर्ग झाला, अंग बाहेर आले, कंबर धरली, तर त्यात नवल ते काय? तो आजार वेळीच औषधाने आणि विश्रांतीने बरा होण्याजोगा असतो. पण विश्रांती तिला परवडत नाही. कारण 'खाडा'!

शहरातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगितला पाहिजे. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला रोख रक्कम देतो. ती उचल. ही जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामभर ऊस तोडून ती उचल फेडायची. एक दिवस कामावर गेले नाही की तो खाडा, आणि खाड्याला पाचशे रुपये किंवा त्याहूनही अधिक दंड. ताप आला, खाडा. पाळीत पोट दुखले, खाडा. दवाखान्यात गेली, खाडा. दोघांपैकी एक बसले तरी जोडीचे काम अडते. महिन्याला पाळीचे दोन दिवस धरले तरी पाच महिन्यांच्या हंगामात दहा खाडे होतात. हा हिशेब शाळा न शिकलेल्या बाईलाही तोंडपाठ असतो. मग कोणी तिला सांगते की पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. ती कर्ज काढून पिशवी काढते, आणि ते कर्ज फेडायला पुढच्या वर्षीची उचल घेते!

याला बाईची 'निवड' म्हणायचे काय? ज्या करारात आजारपणाला दंड आहे, त्या करारानेच तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर ढकलले. म्हणून आम्ही म्हणतो की आजार तिच्या पिशवीत नाही, उचलीत आहे.

हीच साखळी मागे नेली तर बालविवाहापर्यंत पोहोचते. एकट्या पुरुषाला 'अर्धा कोयता' म्हणतात. त्याला उचल कमी. पोराचे लग्न लावले की कोयता पुरा होतो. दुसरीकडे वयात येणाऱ्या पोरीला पाच-सहा महिने गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा आईबापांपुढे प्रश्न असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील विशीतल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हे प्रमाण साधारण दुप्पट आहे. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, त्यावर मोळीचे ओझे, आणि तिशीच्या आत पिशवी गायब. पुष्कळदा पिशवीबरोबर अंडाशयही जातात. मग ऐन उमेदीत पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ती बाई तरीही पुढच्या हंगामाला ट्रकमध्ये चढते.

आता कायद्याकडे वळू. उचलीचे करारनामे आम्ही पाहिलेले आहेत. मुद्रांकाच्या कागदावर मुकादमाचे नाव असते, नवऱ्याचे नाव असते, रक्कम असते, फसवणूक केल्यास फौजदारी करण्याची धमकी असते. बायकोचे नाव नसते! निम्मे काम तिचे, कर्ज फेडणार तीही, पण कागदावर ती नाही. कारखान्याला विचारावे तर तो म्हणतो की हे मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो की मी तर कारखान्याचा ऊस तोडून देतो. मालक सापडत नाही आणि मालक नाही म्हणून कायदा लागत नाही.

हे सारे आपोआप झाले असे कोणी समजू नये. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला, तेव्हा केंद्रात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. परंतु त्या कायद्याने 'हंगामी कारखाने' बाहेर ठेवले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ यांचा स्पष्ट उल्लेख होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाना विम्याबाहेरच ठेवला. १९५१ च्या मळे कामगार कायद्यात चहा, कॉफी, रबर होते, ऊस नव्हता. मातृत्व लाभासाठी मागील बारा महिन्यांत ८० दिवसांचे काम पुरते. ऊसतोड करणारी बाई एका हंगामात त्याहून कितीतरी अधिक दिवस राबते. पण हजेरीपटावर तिचे नावच नाही, तर ८० दिवस मोजणार कोण?

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपण लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो त्याने त्या खर्चाचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. त्याला शंभर वर्षे होत आली. साखरसम्राटांच्या या महाराष्ट्रात तो विचार अजून उसाच्या फडापर्यंत पोहोचलेला नाही.

शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. बीडमध्ये गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीची अट आली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघाले. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असे सांगितले. हे सर्व आवश्यकच आहे. पण परवानगीच्या अटीने सुरी थांबते, मोळी थांबत नाही. दुखणे तसेच राहिले, खाडा तसाच राहिला, तर ती बाई बिनपिशवीची होण्याऐवजी दुखण्याने लोळागोळा होईल एवढाच फरक!

आरोग्य म्हणजे दवाखाना आणि गोळ्या, अशी आमच्या डोक्यात एक समजूत बसवण्यात आली आहे. वास्तविक माणूस दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच त्याचे निम्मे आरोग्य ठरलेले असते. पाणी कुठले मिळते, घर कसले आहे, काम काय करतो, विश्रांती मिळते की नाही, यावर ते ठरते. आणि या गोष्टी ठरवते धोरण. या देशात त्यात जात मिसळते. दलित स्त्रीच्या मृत्यूसमयीचे सरासरी वय सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालाने नोंदवले. ही वर्षे कोणा रोगजंतूने एकट्याने खाल्लेली नाहीत. १९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे त्यात ठणकावून सांगितले गेले. त्या अर्थाने तो आरोग्याचाही लढा होता असे आम्ही मानतो.

म्हणून आमच्या मागण्या दवाखान्यापुरत्या नाहीत. पहिली, प्रत्येक ऊसतोड बाईची तिच्या स्वतःच्या नावाने नोंद व्हावी आणि तिची मजुरी तिच्या खात्यात जावी. दुसरी, आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांसाठी खाडा लावणे बेकायदा ठरवावे. तिसरी, साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना निवारा, संडास, न्हाणी आणि पिण्याचे पाणी यांची अट घालावी. अट मोडणाऱ्याचा परवाना रोखावा. चौथी, विम्याच्या कायद्यातून साखरेला दिलेली हंगामी पळवाट बंद करावी आणि तोडणी मजुरांचा मुख्य मालक कारखानाच आहे हे कायद्यात लिहावे. पाचवी, हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासणी आणि उपचार मिळावेत. उचलीच्या जोरावर माणूस डांबून ठेवला जात असेल, तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे आणि संविधानाचे कलम २३ आहे. आमच्या तरुण वकिलांनी ही हत्यारे वापरायला शिकले पाहिजे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आम्ही १४ एप्रिलला आरोग्य शिबिर घेतो. रक्तदाब मोजतो, चष्मे वाटतो, फोटो छापून आणतो. ते वाईट नाही, पण पुरेसेही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक गावातल्या विहारात दसऱ्यापूर्वी एक वही ठेवली तर? गावातून कोण गेले, कोणत्या मुकादमाबरोबर गेले, कोणत्या कारखान्याला गेले, उचल किती, बाईचे नाव काय, तिची तब्येत कशी, हे त्यात लिहिले तर? जात न पाहता, वंजारी, बंजारा, मातंग, मराठा, सर्वांचे लिहिले तर? उद्या न्यायालयात मालक शोधायचा झाला तर ती वही मोठा आधार ठरेल. याला मोठा निधी लागत नाही. लिहिता येणारे एक पोरगे आणि दोन रुपयांचे पेन लागते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. तथागतांनी त्याला विचारले, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? त्याने जे कारण सांगितले त्याचा आशय असा की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतःच्या हाताने धुतले, बिछान्यावर ठेवले, आणि नंतर भिक्खूंना बोलावून जाब विचारला.

उपयोगाचा नाही म्हणून आजारी माणसाला टाकून देणे, यालाच आजच्या फडात खाडा म्हणतात. तथागतांनी जाब आधी आपल्याच संघाला विचारला होता. पुढच्या दसऱ्याला ट्रक पुन्हा भरतील, आणि तोच जाब आम्हालाही विचारला जाईल. तेव्हा दाखवायला आमच्या हातात निदान ती वही तरी असावी.

जयभीम!