आधी गाणी, मग कॅमेरा, शेवटी नकाशा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात मारुती ८०० देशाच्या रस्त्यावर आली. नव्या जिल्ह्यात ती दिसायला बराच काळ जावा लागला. तेव्हा आलापल्ली-भामरागडकडे जायच्या त्या सरकारी जीपा, एसटीच्या गाड्या आणि बांबू-लाकडाचे ट्रक. गाडीत संगीत हवे असेल तर ते कंपनीकडून मिळत नसे, ते बसवावे लागे. डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीवर लटकवलेला कॅसेट प्लेअर, मागे प्लायवूडच्या खोक्यात दोन स्पीकर आणि बॅटरीवरून ओढलेली एक वायर, एवढाच तो संसार. पंखे-मोटारी दुरुस्त करणारा गावातला वायरमनही हे काम तासाभरात उरकत असे.

त्या टेपने गाणी वाजवली. वाट दाखवणे हे तिचे काम नव्हतेच. वाट दाखवायला चौकातला पानठेला होता, एसटीचा कंडक्टर होता, वनखात्याच्या नाक्यावरचा माणूस होता. शिवाय आलापल्लीहून सिरोंच्याला काय किंवा भामरागडला काय, मुख्य रस्ता एकच. चुकायला दुसरा असावा लागतो.

आकाशातून वाट सांगणारे उपग्रह तोवर फिरत होतेच. पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतात अमेरिकी लष्कराने मुद्दाम चूक ठेवली होती. मे २००० च्या सुरुवातीला ती काढून टाकल्यावर शंभरेक मीटरची गफलत दहा-वीस मीटरवर आली आणि गाडीत नकाशा ठेवणे जगभर व्यवहारात उतरले. भारतात त्याच दशकात मॅपमायइंडिया आणि सॅटगाइडची काचेला चिकटवायची यंत्रे आली. पुण्या-मुंबईत ती गल्ली-बोळ सांगत. वैनगंगा ओलांडली की पडद्यावर उरे एक हिरवा पट्टा आणि त्यातून जाणारी एकच रेघ. त्यात चंद्रपूरचा उन्हाळा. पारा सत्तेचाळीसकडे सरकणाऱ्या गावात बंद गाडीच्या काचेला रबरी चकतीने चिकटवलेली वस्तू किती काळ चिकटून राहणार?

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाकडे येणाऱ्यांचा ओघ डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे मिळाल्यानंतर वाढत गेला. बोलणारे नकाशे या भागातल्या अनेकांनी पहिल्यांदा पाहिले ते अशा बाहेरगावच्या पाहुण्यांच्या गाड्यांत. हेवा वाटला तो मात्र नकाशाचा नव्हे, मोठ्या पडद्याचा.

हा पडदा म्हणजे डबल डिन. जुना सिंगल डिन सेट साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच; डबल डिनची उंची त्याच्या दुप्पट, म्हणून त्यात सात इंची स्क्रीन मावते. पुढे अँड्रॉइडवर चालणारे नऊ-दहा इंची सेट आले आणि प्रत्येक गाडीसाठी वेगळी प्लास्टिकची फ्रेम मिळू लागली. घ्यायचे आणि बसवून घ्यायचे तर नागपूर. चंद्रपूरकराला ते दीडशे किलोमीटर. सिरोंच्याच्या माणसाला नुसती गडचिरोली गाठायलाच दोनशे किलोमीटरहून जास्त, त्यामुळे कालेश्वरमच्या बाजूला गोदावरीवर पूल झाल्यावर त्याला तेलंगणातला बाजार जवळचा. दिवस मोडायचा, डिझेल जाळायचे, वर मजुरी द्यायची. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ. एकाने खोके घरपोच दिले, दुसऱ्याने ते कसे बसवायचे याचे हिंदी व्हिडिओ. स्वतः बसवणाऱ्यांची पिढी या दोन तारखांनंतर तयार झाली.

काम वाटते तितके अवघड नाही, पण घाई चालत नाही. आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडायचे. डॅशबोर्डची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर ओरखडा कायमचा, म्हणून प्लास्टिकची पट्टी वापरायची. सेट बाहेर आला की मागे वायरींचा झुबका दिसतो. खरे महत्त्व तिघींना: पिवळी कायम बारा व्होल्टची, लाल किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थिंगची. गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळाला तर वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा प्रश्नही सहसा उभा राहत नाही. कपलर नसेल तर टेस्ट लॅम्प हातात घेऊन एकेक वायर तपासायची. लाल वायर चुकून पिवळीबरोबर जोडली तर किल्ली काढल्यावरही सेट जागाच राहतो आणि एटापल्लीच्या थंडीत सकाळी गाडीला धक्का मारायला शेजारी बोलवावे लागतात. पिवळी वायर लालच्या जागी गेली तर किल्ली बंद केली की घड्याळ आणि सेटिंग सगळे पुसले जाते. पिवळीवरचा फ्यूज सेटच्या कंपनीने सांगितला तेवढ्याच अँपिअरचा. तो उडतो म्हणून जाड घालणारे महाभाग भेटतात. पुढे वायर जळाल्याचा वास आला की मग त्यांना फ्यूज कशासाठी असतो ते कळते.

गाडीमागच्या कॅमेऱ्याचे काम वेळखाऊ. तो नंबर प्लेटच्या वर बसतो. मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या बोलेरोसारख्या गाडीत ती स्टेपनीच दृश्यात येणार नाही अशी जागा शोधावी लागते. कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स लाइटच्या पॉझिटिव्हला, काळी रंग खरवडलेल्या बॉडीला. व्हिडिओची लांब केबल डिकीच्या दाराच्या रबरी बुशातून, मग पायथ्याच्या पट्टीखालून पुढे न्यायची. बुश टाळून थेट पत्र्याच्या कडेवरून नेली तर दार उघड-बंद होऊन ती कापली जाते. केबलच्या टोकाला निघालेली बारीक लाल वायर सेटच्या ‘बॅक’ वायरला जोडायची. नवखे नेमके हेच विसरतात: कॅमेरा चालू असतो, पण गियर टाकला तरी पडद्यावर गाणेच.

मागे पाहणारा डोळा ही कल्पना जुनी. १९५६ च्या ब्यूक सेंच्युरियन या प्रदर्शनी गाडीत मागे टीव्ही कॅमेरा होता. १९९१ मध्ये जपानात टोयोटा सोअररमध्ये तो विकायला आला. गाडी मागे घेताना लहान मुले चिरडण्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या गाड्यांत कॅमेरा सक्तीचा झाला. भारतात जुलै २०१९ पासून नव्या कारना सक्ती झाली ती मागच्या सेन्सरची. सेन्सर भिंत ओळखतो, खड्डा नाही. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत धोका असतो तो खड्ड्याचाच: अरुंद डांबराची तुटलेली कड, तिच्याखाली धानाची बांधी, नाल्याचा उतार, बोडीची पाळ. समोरून खनिजाचा ट्रक आला की लहान गाडीला मागे सरकावे लागते आणि तेव्हा हजार-बाराशे रुपयांचा कॅमेरा दहा इंची पडद्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो. त्याला ना टॉवर लागतो, ना उपग्रह. त्याचा शत्रू एकच, चिखल. पावसाळ्यात बोटाने भिंग पुसल्याशिवाय काही दिसत नाही. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांवरही फार विसंबू नये. स्वस्त कॅमेऱ्यात त्या जागच्या हलत नाहीत, स्टिअरिंग कुठेही वळवा.

नकाशाने मात्र बराच काळ दमवले. ‘नवेगाव’ टाकले तर ताडोबाचे नवेगाव प्रवेशद्वार की गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध? दोन्हीकडे व्याघ्रप्रकल्प, त्यामुळे पर्यटकाला संशयही येत नाही. ताडोबात मोहर्लीहून कोलाऱ्याला जाणारी सरळ रेघ नकाशावर मोह पाडते. पण ती प्रकल्पाच्या गाभ्यातून जाते आणि तिथे सफारीच्या परवान्याखेरीज कुणाला सोडत नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढून भामरागड तुटले, तरी पडदा तोच रस्ता निळा दाखवत राहतो.

‘नेट नाही म्हणून जीपीएस चालत नाही’ हे वाक्य इकडे नेहमी ऐकू येते. जीपीएसला नेट लागत नाही, नकाशाला लागते. मोबाइलची मदत नसेल तर उपग्रहांची पूर्ण माहिती उतरायला साडेबारा मिनिटे लागतात, म्हणून कोरा सेट सुरुवातीला चाचपडतो. अँटेनाची डबी लोखंडी पत्र्याखाली ठेवली तर अधिकच. नोव्हेंबर २०१५ मध्ये गुगलने आधी उतरवून ठेवलेल्या नकाशावरही मार्गदर्शन सुरू केले, तेव्हा आलापल्लीच्या पुढे खरा फरक पडला. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त भागांतले २,३४३ टॉवर टूजीवरून फोरजी करायला मंजुरी दिली.

नकाशाची गरज इथे सगळ्यात जास्त कुणाला असेल तर नाटकवाल्यांना. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेर. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मंडळांच्या गाड्या रोज वेगळ्या गावाला, प्रयोग रात्रभराचा. पूर्वी फाट्यावर गावचा माणूस कंदील किंवा बॅटरी घेऊन उभा राहायचा. आता आयोजक मोबाइलवर लोकेशन पाठवतो आणि फाट्याच्या आत रेंज गेली की ड्रायव्हर पुन्हा शेकोटीजवळच्या माणसालाच विचारतो.

ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांनी गाडी चालवताना हातातल्या उपकरणाला वाट पाहण्यापुरतीच मोकळीक दिली आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. सेटच्या मागे एक वायर हँडब्रेकची असते. ब्रेक ओढल्याशिवाय व्हिडिओ दिसू नये म्हणून. ती थेट बॉडीला जोडून सिनेमा चालू ठेवणे ही घरगुती बसवणाऱ्यांची आवडती युक्ती. मूल गावाजवळच्या जंगलरस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवे येते, तेव्हा तिची किंमत कळते.

आता नव्या गाड्यांत पडदा आणि कॅमेरा कारखान्यातूनच येतो आणि अनेकींत एसीची बटणेही त्याच पडद्यात असल्याने तो बदलणे जिकिरीचे. घरगुती काम उरले आहे ते जुन्या वॅगनआर आणि बोलेरोंवर. अशी गाडी विकायला निघाली की मालक आपण बसवलेला सेट काढून घेतो, माळ्यावर जपून ठेवलेला कंपनीचा जुना रेडिओ परत बसवतो आणि घेणारा नेमक्या त्याच गोष्टीवरून हजार-दोन हजार कमी करा म्हणतो. कॅमेरा बहुधा कुणीच काढत नाही. केबल बाहेर ओढायचा कंटाळा.