प्रायमरीच्या तोंडावर बदलणारे कौल

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार बहुधा प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीतून ठरतो. मतदान जवळ आले की जनमत चाचण्यांतील उमेदवारांमधले अंतर अनेकदा झपाट्याने बदलते. सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने पक्षनिष्ठा मत बांधून ठेवत नाही आणि बरेच मतदार शेवटच्या दिवसांत निर्णय घेतात.

2008 ची न्यू हॅम्पशायरमधील डेमोक्रॅटिक प्रायमरी याचे ठळक उदाहरण आहे. तेथे हिलरी क्लिंटन दीर्घकाळ पुढे होत्या. आदल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अंतर घटले. 3 जानेवारीला बराक ओबामांनी आयोवा राज्यातील पक्षांतर्गत लढत जिंकल्यावर चाचण्यांनी त्यांना सरासरी सुमारे आठ टक्क्यांची आघाडी दिली. 8 जानेवारीला मात्र क्लिंटन सुमारे 39 विरुद्ध 36.5 टक्क्यांनी जिंकल्या.

चाचण्यांच्या अशा चुकीची कारणे अनेक असतात. कोण मतदानाला येईल, याचा अंदाज कठीण असतो. न्यू हॅम्पशायरमध्ये तर पक्षाशी नोंदणी नसलेलेही मत देऊ शकतात. काही गट चाचण्यांना कमी प्रतिसाद देतात. सहाशे जणांच्या नमुन्यात प्रत्येक उमेदवाराचा आकडा चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतो आणि दोघांतील फरकाची अनिश्चितता त्याहून मोठी असते. म्हणून दोन-तीन टक्क्यांची आघाडी बरोबरीचीच मानावी लागते.