माहेरी आली म्हणजे सुटली का? (उंबऱ्याच्या आत : लेखांक 9)

या आठवड्यात संशयावर लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो, कारण औंढा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर लांबवणं बरं नाही. त्यांची लेक दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. सासरी मार खात होती, आता माहेरी दोन घास सुखानं खाते आहे. ते विचारतात, "लेक आता आमच्याजवळ आहे, म्हणजे घोर मिटला ना? जावई न्यायला येतो म्हणतो. चार माणसं बसवावीत का?"

घोर मिटलेला नाही. उलट आत्ताचे हे काही महिनेच सगळ्यात जपण्याचे आहेत.

मागच्या दोन लेखांकांत संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांची, मार खाणाऱ्या बाईच्या जिवाला असलेला धोका ओळखण्याची प्रश्नावली आपण पाहिली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 11 शहरांत नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांचा अभ्यास केला आणि मार खाऊनही जिवंत राहिलेल्या बायकांशी तो ताडून पाहिला. 2003 साली तो प्रसिद्ध झाला. नवरा बायकोवर पुरता ताबा ठेवणारा असेल आणि एकत्र राहिल्यावर ती वेगळी झाली असेल, तर तिचा खून होण्याचा धोका सुमारे नऊपट वाढतो, असं त्यात दिसलं. देश वेगळा, घरं वेगळी. पण इकडच्या घरांत मी जे पाहत आलो ते याहून निराळं नाही.

असं का होतं? कुठे गेली होतीस, कुणाशी बोललीस, पैसे कशाला हवेत, हे सगळं मारून विचारणाऱ्या माणसाला बायको आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही याची खात्री हवी असते. ती माहेरी गेली की ती खात्री जाते, आणि गावासमोर जाते. मग तो ती परत मिळवायला निघतो. आधी विनवण्या, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथा. मग दिवसाला वीस-वीस फोन. मग "तू आली नाहीस तर मी जीव देतो." हे वाक्य ऐकून घरातल्या बायांचं काळीज पाघळतं, म्हणतात, बघा, किती जीव आहे त्याचा. कॅम्पबेल यांच्या यादीत आत्महत्येची धमकी धोक्याच्या खुणांमध्ये आहे, आणि ती तिथेच शोभते.

इंग्लंडमधल्या जेन मॉन्कटन स्मिथ आधी पोलिसात होत्या, पुढे संशोधक झाल्या. 372 खून तपासून त्यांनी 2019 मध्ये आठ टप्पे मांडले. विनवण्या-धमक्या वाया गेल्यावर त्या माणसाच्या विचारात बदल होतो, त्यानंतर तयारी, आणि मग खून, असा शेवटच्या टप्प्यांचा क्रम त्यांना दिसला. आपल्याकडे बातमी येते "रागाच्या भरात". ज्या प्रकरणांत आधी हत्यार जमवलेलं असतं, पाळत ठेवलेली असते, तिथे हे शब्द वाचले की मला त्रास होतो. त्या बाईकडे सावध होण्याइतका वेळ होता, हे त्या दोन शब्दांत झाकलं जातं.

डिसेंबर 2024 मध्ये आपल्या हिंगोली शहरात काय घडलं ते कुणी विसरलेलं नसेल. कौटुंबिक वादातून एका पोलीस कर्मचाऱ्याने सासुरवाडीत गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. पत्नी गेली. गोळ्या लागलेल्यांत तिची आई होती, भाऊ होता, लहान लेकरू होतं. जागा लक्षात घ्या : माहेरचं घर.

आता बैठकीचं. अशा बैठकांना मी बसलो आहे. ओसरीवर सतरंजी, त्याच्याकडचे पाच-सहा जण, इकडचे मामा, गावातली दोन जाणती माणसं. चहा होतो. जावई मान खाली घालून बसतो. बाँडवर लिहून घेतात की यापुढे त्रास देणार नाही. मुलगी आतल्या दाराशी, पदर बोटाला गुंडाळत. शेवटी एखादा म्हातारा तिला विचारतो, "काय गं, नांदायला जातीस ना?" आणि त्या सगळ्यांच्या देखत, त्याच्या देखत, ती "हो" म्हणते.

तिला आधी एकटीला, आईजवळ बसवून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. त्यानं कधी गळा धरला होता का? जिवे मारीन म्हणाला का? गरोदरपणी मारलं का? हल्ली मार वाढला होता का? गळ्याचा प्रश्न सगळ्यात आधी, कारण गळा दाबल्याचा वळ पुष्कळदा उमटतच नाही आणि मुलगी तो माराच्या हिशेबात धरत नाही. "तो मला मारून टाकील" असं ती म्हणाली, तर त्यावर वाद न घालता विश्वास ठेवा. "तसा नाही हो तो," असं म्हणाली तरी निर्धास्त होऊ नका. मारल्या गेलेल्या कितीतरी जणींनाही तसंच वाटलं होतं.

याचा अर्थ लेकीला परत धाडा असा कुणी काढला, तर मी हात जोडून सांगतो, तसं करू नका. तिला ठेवून घ्या, मात्र कायद्याचं कुंपण घालून. त्या बाँडला कुंपणाची ताकद नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मिळालेल्या संरक्षण आदेशाला आहे. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सासर परभणीचं असो की वाशिमचं, मुलगी आज जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो. तिला आसरा देणाऱ्या आई-भावांना इजा करू नये, असंही त्या आदेशात मागता येतं. कलम 18 मध्ये ते स्पष्ट आहे, आणि वकिलाला ते मुद्दाम लिहायला सांगा.

महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. या कायद्याच्या नियमांत सुरक्षा आराखड्याचा एक नमुना आहे. त्यात मार पुन्हा होण्याची आणि वाढण्याची भीती वेगवेगळी नोंदवायची असते. ती जागा कोरी सोडू देऊ नका. न्यायला यायचा दिवस जावयाकडून ठरू देऊ नका, भेट घरी नको, पोलीस ठाण्यातल्या महिलांच्या कक्षात ठेवा. लेकराला एकटं त्याच्याबरोबर धाडू नका. 112 आणि 181 हे आकडे शेजारच्या घरातही लिहून ठेवा. आणि त्याचे फोन, निरोप अचानक बंद झाले, तर "निवळला" असं समजू नका. त्याच दिवशी ठाण्यात कळवा.

संशयावरचा लेख पुढच्या आठवड्यात.