हृदयातील विजेची वाट

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रांना वीज दुरून, तारांवाटे, यावी लागते. हृदय याबाबतीत स्वावलंबी आहे. मज्जातंतू त्याची गती वाढवितात वा कमी करतात. गती उत्पन्न करणे हे काम मात्र हृदयाचे स्वतःचेच. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाचा प्रयत्न केला. तो रोगी काही तासांतच दगावला. परंतु पुढे अशा शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे जगलेल्यांची हृदये, मज्जातंतू तोडलेले असताही, आपल्या तालाने चालत राहिली आहेत.

हा ताल उजव्या कर्णिकेत, वरची महाशीर जेथे येऊन मिळते तेथील एका लहानशा गाठीत जन्मतो. तेथील पेशींच्या आवरणातून सोडियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांचे विद्युत्भारित कण आतबाहेर जातात, आणि विश्रांतीच्या वेळी मिनिटास ६० ते १०० वेळा आवेग उठतो. येथे तारेतील विजेची कल्पना मनातून काढून टाकावी. शेजाऱ्याने शेजाऱ्यास जागे करावे तशी ही लाट पेशीपेशींतून पसरते.

कर्णिका आकुंचन पावतात. पण खाली जवनिकांकडे जाण्यास वाट एकच. मध्ये विजेस न जुमानणारे तंतूंचे पटल आहे आणि त्यात एवढेच एक द्वार. तेथील गाठीचा शोध सुनाओ तावारा या जपानी वैद्याने लावला व १९०६ साली प्रसिद्ध केला. या गाठीत आवेग सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळतो. मला स्वतःला साऱ्या रचनेत हा विलंबच सर्वांत नवलाचा वाटतो, कारण तेवढ्या अवधीत कर्णिकांतील उरलेले रक्त जवनिकांत उतरते. विलंब नसता तर दोन्ही कप्पे एकदमच आवळले गेले असते. त्यानंतर मात्र घाई होते. हिस याच्या नावाने ओळखला जाणारा तंतूंचा जुडगा, त्याच्या उजव्या-डाव्या शाखा आणि पुर्किन्ये याचे तंतू यांतून आवेग सेकंदास दोन ते चार मीटर धावतो, व जवनिका जवळजवळ एकाच क्षणी पिळल्या जातात.

ही वाट मध्येच तुटली तर? तर जवनिका स्वतःचा मंद ताल धरतात. नाडी मिनिटास तीस-चाळीसावर येते, कधी क्षणभर थांबतेही. मनुष्य उभ्याउभ्या कोसळतो, आणि घरचे म्हणतात, “वय झाले, अशक्तपणा आहे.” अशा वेळी शक्तिवर्धक औषधाची बाटली आणण्यापूर्वी नाडी मोजावी व हृदयाचा विद्युत्-आलेख काढून घ्यावा. वाघोडिया तालुक्यात पिपरिया येथे तर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयच आहे. आलेखातील पहिली लहान लाट कर्णिकांची, नंतरचे उंच टोक जवनिकांचे. त्या दोहोंचा मेळ सुटलेला दिसला की निदान होते. मग गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक लहानशी डबी बसवितात. तिची तार शिरेवाटे हृदयात पोहोचते आणि हरवलेला आवेग पुरविते. तिची बॅटरी साधारणतः आठ ते बारा वर्षे टिकते. नंतर बहुधा तार तीच ठेवून डबी तेवढी बदलतात.