गल्लीतले गटार आणि नगरपालिकेची पायरी

मगरिबनंतर आमच्या मोहल्ल्यात चार माणसे बसली की विषय गटारावर येतो. एका पावसाळ्यात पाणी घराघरांत शिरले, तेव्हा आम्ही नगरसेवकाला दोष दिला, नशिबाला दिला. लेखी अर्ज मात्र कुणीच केला नव्हता.

मग आम्ही थोडी माहिती काढली. 1 जून 1993 पासून लागू झालेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी 18 विषय आहेत: पाणी, रस्ते, सफाई, झोपडपट्टी सुधारणा, जन्म-मृत्यूची नोंद आणि कब्रस्तानसुद्धा. पाळण्यापासून कबरीपर्यंत आपला या कार्यालयाशी संबंध येतो.

महाराष्ट्रात नगरपालिका 1965 च्या अधिनियमाने चालतात. लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक सभेत ठराव करतात. शासनाने नेमलेला मुख्याधिकारी तो अमलात आणतो. नगरसेवक एकटा गटार बांधू शकत नाही. कामासाठी अर्थसंकल्पात तरतूद लागते, मंजुरी लागते, मग निविदा निघते. पैसा येतो आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतून आणि सरकारी अनुदानातून.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात, अर्थसंकल्पाआधीच, आम्ही पन्नास घरांच्या सह्यांचा अर्ज दिला. एक प्रत नगरसेविकेला, एक मुख्याधिकाऱ्यांना. दोन्हींची पोच घेतली. सह्या गोळा केल्या त्या आमच्या घरातल्या बायकांनीच. पाणी उपसायला त्याच तर होत्या! राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तेव्हा नगरसेविकेच्या पतीशी नव्हे, तिच्याशीच बोलायचे, असेही त्यांनीच ठरवले.

निम्मे गटार झाले. उरलेल्यासाठी पोचपावती जपून ठेवली आहे.

जाता जाता एक सांगतो. बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा आहे. 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग आईबापांच्या कागदांशी जुळते का, ते दाखला हातात घेतानाच तपासा. तेव्हा पाच मिनिटे लागतात. पुढे वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात.